किल्लीबरोबर अधिकारही

जयपूरच्या दक्षिणेला सांगानेरात स्वतःचे घर आणि संसार मात्र पुण्यात, नागपुरात किंवा थेट परदेशात, अशी मराठी कुटुंबे कमी नाहीत. लष्कराच्या दक्षिण-पश्चिम कमांडचे मुख्यालय 2005 पासून जयपुरात आहे. बँका, विमा कंपन्या, विमानतळ, सीतापुऱ्याची औद्योगिक वसाहत यांच्या निमित्ताने माणसे इकडे येतात, काही वर्षे राहतात, गाव आवडते म्हणून प्रताप नगरात राजस्थान हाउसिंग बोर्डाचे घर घेतात आणि मग बदली होते. अशा मागे राहिलेल्या घरांना भाड्यासाठी तयार करण्याच्या कामात मालकांचे प्रश्न ठरलेले असतात. भाडे किती येईल? माणूस चांगला मिळेल ना? रंग काढावा का? मी नसताना या घरातला निर्णय कोण घेणार, हा प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. माझ्या मते तयारीची सुरुवात नेमकी तिथून व्हायला हवी. दूरवरून भाड्याने दिलेली घरे बिघडतात ती बहुतेक वेळा वाईट भाडेकरूमुळे नाही. घराबद्दलची माहिती मालकाच्या डोक्यात राहते, निर्णयाचा अधिकार मालकाच्या खिशात राहतो आणि सांगानेरात फक्त किल्ली उरते, म्हणून ती बिघडतात.

पाण्याचेच बघा. या भागातल्या बऱ्याच घरांत दोन पाणी येतात. एक बीसलपूर धरणाचे, जलदाय विभागाच्या नळाने, दिवसातल्या ठरावीक वेळी आणि तेवढ्यापुरतेच. दुसरे बोअरिंगचे, क्षाराचे, जे पिता येत नाही पण धुण्याभांड्याला चालते. नळाचे पाणी आधी जमिनीखालच्या हौदात पडते, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून घरभर फिरते. बोअरचे पाणी दुसऱ्या टाकीत जाते. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक व्हॉल्व्ह असतो, बहुधा जिन्याखाली किंवा मागच्या मोरीजवळ, आणि तो कोणत्या बाजूला फिरवायचा हे फक्त घरमालकाला ठाऊक असते. मालकिणीचा हात तिथे इतकी वर्षे आपोआप जात असतो की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे तिला वाटतच नाही. नवा भाडेकरू येतो, टाकी रिकामी दिसली म्हणून समोर दिसेल तो व्हॉल्व्ह उघडतो आणि क्षाराचे पाणी पिण्याच्या टाकीत उतरते. मग पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा पडदा अकाली जातो, गीझरच्या कॉइलवर पांढरे थर चढतात, तोट्या अडकू लागतात. दोन वर्षांनी मालक येतो तेव्हा त्याला एवढेच दिसते की भाडेकरूने घराची वाट लावली. भाडेकरूने काहीही लावलेले नसते. त्याला कोणी सांगितलेले नव्हते, एवढेच.

म्हणून तयारीतले पहिले काम रंगाचे नसून लिहिण्याचे आहे. व्हॉल्व्हला रंगीत पट्टी बांधून त्यावर ‘बीसलपूर’ आणि ‘बोअर’ असे देवनागरीत लिहावे. नळाला पाणी किती वाजता येते, मोटर किती वेळ चालवायची, हौदातला बॉलकॉक अडकला तर कुठून बंद करायचे, मेन स्विच कोणता, इन्व्हर्टरवर कोणत्या खोल्या आहेत, सांडपाण्याचे चेंबर कुठे उघडते, विजेच्या बिलावरचा के नंबर काय, हे सगळे एका वहीत लिहून ती वही घरातच ठेवावी. वही लिहिताना मालकाला स्वतःलाच किती गोष्टी नक्की ठाऊक नाहीत ते कळते. वायरिंगचा मार्ग, गच्चीखालून गेलेली जुनी पाइपलाइन, शेजारच्या घराबरोबरची सामाईक भिंत, यांची उत्तरे मिस्त्रीला बोलावूनच मिळतात. आपण तिथे राहत असतानाच ती मिळवून ठेवावीत. नंतर पुण्यातून फोनवर ती मिळत नाहीत.

ऋतूंचेही तसेच. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि संध्याकाळी आंधी येते. तिची बारीक वाळू खिडक्यांच्या फटींत बसते आणि सपाट गच्चीवर साचते. जूनअखेर पहिला जोरदार पाऊस झाला की तीच वाळू वाहत पन्हळाच्या तोंडाशी जाऊन घट्ट बसते. गच्चीवर पाणी तुंबते आणि पंधरवड्यात खालच्या खोलीच्या छताला ओल धरते. जूनच्या मध्यावर कोणीतरी झाडू घेऊन गच्चीवर जाणे, एवढाच यावरचा उपाय आहे. पण ते ‘कोणीतरी’ कोण? भाडेकरूला गच्ची आपली वाटत नाही, काही करारांत तर गच्ची त्याला दिलेलीच नसते. मालक तेराशे किलोमीटरवर असतो. कूलरचीही हीच गोष्ट: खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर उन्हाळाभर पाणी ठिबकते, स्टँड गंजतो, भिंतीत पाणी मुरते, आणि वाळवीला ओलसर भिंत आणि लाकडी चौकट याहून जास्त काही लागत नाही. मोठ्या दुरुस्त्यांच्या मुळाशी पाहिले तर बहुतेक वेळा अशीच एखादी वेळेवर न झालेली, काहीशे रुपयांची गोष्ट सापडते. आणि ती न होण्याचे कारण पैसा नसतो. ‘साहेबांना विचारून सांगतो’ या वाक्यात ती अडकलेली असते.

ही अडवणूक सोडवायची तर जवळच्या एका माणसाला तीन गोष्टी द्याव्या लागतात: किल्ली, खर्चाची मर्यादा आणि लेखी अधिकार. माणूस कोणीही असू शकतो. शेजारी, जुना सहकारी, मोबदला घेऊन हे काम करणारा, किंवा इथेच राहिलेले एखादे निवृत्त काका. मोबदला द्यावा आणि ठरवून द्यावा. फुकट केलेल्या कामाचा हिशोब मागता येत नाही आणि संकोचापोटी ते काम अर्धेच होते. खर्चाची मर्यादा म्हणजे एक आकडा: एवढ्या रुपयांपर्यंतची दुरुस्ती मला न विचारता करा, पावती आणि फोटो पाठवा. हा आकडा घराप्रमाणे ठरेल, पण तो शून्य असता कामा नये. लेखी अधिकार म्हणजे मुखत्यारपत्र. घर विकण्याचे नव्हे, सर्वाधिकाराचे तर मुळीच नव्हे. भाडेकरार करणे, भाडे स्वीकारणे, दुरुस्ती करून घेणे, वीज आणि पाणी कार्यालयांत अर्ज देणे, भाडे प्राधिकरणापुढे आणि न्यायाधिकरणापुढे हजर राहणे, एवढ्याच कामांची नावे घालून केलेले मर्यादित मुखत्यारपत्र. परदेशातल्या मालकाने ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे. ही तीन महिन्यांची मुदत पुष्कळांकडून टळते आणि ऐन गरजेच्या दिवशी कागद अपुरा ठरतो.

इथे हरकत येते ती अशी: मग दलाल कशासाठी असतो? दलालाचे काम चांगले केले तर मोलाचे असते. पण त्याचा मोबदला, साधारण अर्ध्या ते एका महिन्याचे भाडे, किल्ली देण्याच्या दिवशी हातात पडतो आणि त्या दिवशी त्याचे काम संपते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याशी ठरलेले तेवढेच असते. दुसरी हरकत नव्या पिढीची: भाडे यूपीआयने येते, बिल मोबाइलवर भरता येते, कॅमेरा लावला की सगळे दिसते, मग जवळ माणूस हवा कशाला? भाडे आणि बिलापुरते हे खरे आहे, आणि दूरच्या मालकाचे काम त्याने खरोखर हलके झाले आहे. पण मोबाइलवर गळती दिसते, बंद करता येत नाही. कॅमेऱ्याबाबत तर ठामपणे सांगायला हवे. दाराबाहेर, सोसायटीच्या संमतीने, एक वेळ ठीक. दिलेल्या घराच्या आत मालकाचा कॅमेरा असणे हा दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात केलेला शिरकाव आहे. ज्याच्या घरात आपण डोकावतो तो माणूस आपल्या भिंतींची काळजी घेईल ही अपेक्षा धरता येत नाही.

दुरुस्ती कोणाची, हा वाद बहुतेक करारांत मोघम सोडलेला असतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याला एक परिशिष्ट आहे. राज्याने तो कायदा स्वीकारलेला असो वा नसो, ते कराराला जोडण्यासारखे आहे. बांधकामाची मूळ दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणे, वायरिंग हे मालकाकडे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, गीझर, स्विच आणि सॉकेट, कुलपे, खिडकीची जाळी आणि काच हे भाडेकरूकडे. मालकाच्या माणसाने घरात यायचे तर 24 तास आधी कळवायचे आणि निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घ्यायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. सांगानेरच्या पाण्याला धरून त्यात एक बदल मी सुचवेन. गीझर आणि पाण्याचे यंत्र क्षाराने जाते, वापरणाऱ्याच्या हयगयीने नाही, तेव्हा त्यांची वर्षातून एकदा होणारी सफाई मालकाने आपल्याकडे घ्यावी. ती सगळी भाडेकरूवर टाकली तर तो ती करत नाही, आणि शेवटी यंत्र मालकाचेच जाते.

कायद्याच्या बाबतीत मराठी मालकाची एक सवय इथे नडते. महाराष्ट्रात आपण लिव्ह अँड लायसन्सच्या चौकटीत वाढलो आहोत. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. मुदत संपल्यावर परवानाधारक हटला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट परवाना शुल्क मागता येते. हे सगळे आता घरबसल्या, ऑनलाइन नोंदणीने होते. म्हणून पुण्याचा मालक तोच नमुना सांगानेरला पाठवतो. पण घर राजस्थानात आहे आणि तिथे राजस्थानचा कायदा चालतो. 1950 चा जुना कायदा जाऊन तिथे 2001 चा भाडे नियंत्रण कायदा आला, तो 1 एप्रिल 2003 पासून लागू झाला आणि 2017 मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. त्या दुरुस्तीनंतर करार लेखीच हवा आणि त्याची माहिती भाडे प्राधिकरणाला द्यायची असते. वाद नेहमीच्या दिवाणी न्यायालयात न जाता भाडे न्यायाधिकरणापुढे जातो. घर रिकामे मागण्याची कारणे कायद्यात मोजून दिलेली आहेत. करारात काहीच लिहिले नसेल तर भाडे वर्षाला 5 टक्क्यांनी वाढते असे कायदा धरतो. नोटरीकडून करून घेतलेला अकरा महिन्यांचा किरायानामा इकडे सर्रास दिसतो, पण अकरा महिने भरले की घर आपोआप मोकळे होते असा त्याचा अर्थ काढणे धोक्याचे आहे. स्थानिक वकिलाकडून एकदा नीट करार करून घेण्याला जो खर्च येतो तो एका महिन्याच्या भाड्यापेक्षा क्वचितच जास्त असतो. त्याच बैठकीत मालकीची कागदपत्रे नीट लावून ठेवावीत. सांगानेरात जेडीएचा, म्हणजे जयपूर विकास प्राधिकरणाचा, पट्टा आणि गृहनिर्माण सहकारी समितीचा पट्टा असे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात, आणि समितीच्या पट्ट्यावरच्या घराला वीज बिल कोणाच्या नावावर आहे यालाही महत्त्व येते.

एवढ्या उठाठेवीपेक्षा घर बंद ठेवलेले बरे, असे म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांची भीती निराधार नाही. मुंबईच्या 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली, ती पुढे पन्नास वर्षे जवळपास तशीच राहिली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती बंधने मनमानी ठरली आहेत असे म्हणावे लागले. पागडीच्या इमारतींत ज्यांच्या आजोबांची घरे अडकली त्यांना भाडेकरू या शब्दाचीच धास्ती वाटणार. पण त्या धास्तीची किंमत सगळ्या शहरांनी मोजली आहे. 2017-18 च्या आर्थिक पाहणीतले आकडे सांगतात की शहरांतल्या घरांमध्ये भाड्याच्या घरांचे प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होते, ते 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आले. त्याच 2011 च्या जनगणनेत शहरी घरांपैकी सुमारे 12 टक्के घरे रिकामी होती. आता मुंबईचा तो 1947 चा कायदाही राहिलेला नाही. बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो, ही समजूतही चुकीची आहे. मुदत कायद्यातली बारा वर्षे लागतात ती मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे घेतलेल्या ताब्याला. भाडेकरार करून, भाडे देत राहणाऱ्याचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो. उलट, वर्षानुवर्षे कुलूप असलेल्या घरात दुसरा कोणी शिरला तर त्याच्याकडे परवानगीचा कागद नसतो आणि मालकाला पत्ताही नसतो. आणि बंद घराचे पाइप, लाकूड, वायरिंग वापरातल्या घरापेक्षा लवकर जाते, हे इथला कोणताही प्लंबर सांगेल.

मग ओळखीच्याला द्या, कागद नको, असा मधला मार्ग निघतो. मला तो सगळ्यात वाईट वाटतो. भाच्याला किंवा मित्राच्या मेव्हण्याला दिलेल्या घरात भाडे वाढवता येत नाही, दुरुस्ती मागता येत नाही, जा म्हणता येत नाही. त्या माणसाचीही गोची होते, कारण छत गळत असताना उपकाराखाली दबून तो बोलत नाही. नात्यातल्याला द्यायचे तर जरूर द्यावे, भाडेही कमी घ्यावे, पण करार मात्र परक्याशी करतो तसाच करावा. त्यात अविश्वास नाही. उद्या दोघांपैकी कोणाला काही झाले तर मागे राहिलेल्यांना काय ठरले होते ते त्यातून कळते.

भाडेकरू निवडण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे दूरच्या मालकाच्या भीतीचा त्रास भलत्यालाच होतो. सीतापुऱ्याच्या महाविद्यालयांतली मुले-मुली, रुग्णालयातल्या परिचारिका, रत्न-दागिन्यांच्या सेझमधले कारागीर, प्रताप नगरच्या कोचिंग हबमध्ये शिकणारे विद्यार्थी, विमानतळावरचे कर्मचारी, छपाईच्या कारखान्यांतले कामगार, असे सांगानेरचे खरे भाडेकरू. मालक मात्र फोनवर आडनाव विचारतो, जात विचारतो, एकटी मुलगी असेल तर नको म्हणतो. यावर उत्तर येते की आम्ही लांब असतो, धोका पत्करू शकत नाही. पण आडनावावरून भाडे वेळेवर येईल की नाही ते कळत नाही. ते कळते नोकरीच्या पत्रावरून, आधीच्या घरमालकाशी पाच मिनिटे बोलून आणि पोलिसांकडच्या भाडेकरू पडताळणीतून. राजस्थानात ती पोलिसांच्या राजकॉप सिटिझन ॲपवरूनही करता येते. या तीन गोष्टी केल्यावर जो संशय उरतो तो पुरावा नसलेला संशय असतो, आणि रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला त्यापायी दारातून परत पाठवणे अन्याय आहे. शेजारी जैन मंदिर आहे, स्वयंपाकघराबद्दल वस्तीच्या काही अपेक्षा आहेत, असे असेल तर ते आधीच मोकळेपणाने सांगावे आणि घ्यायचे की नाही ते समोरच्याला ठरवू द्यावे. अर्धी भांडणे त्यानेच टळतात.

राहिला पैसा. शहरांतल्या निवासी घरांचे वार्षिक भाडे घराच्या किमतीच्या साधारण 2 ते 3 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे मुदत ठेवीपेक्षा कमी. म्हणून सांभाळणाऱ्याचा मोबदला आणि दुरुस्ती वजा जाता उरते काय, अशी शेवटची हरकत येते, आणि हिशोब म्हणून ती रास्त आहे. पण मोबदला वाचवून काय वाचते तेही मांडावे. घर एक महिना रिकामे राहिले तर वर्षाच्या भाड्यातला बारावा हिस्सा, म्हणजे 8 टक्क्यांहून जास्त, जातो. ओल धरलेल्या एका छतात त्याहून जास्त जातो. प्राप्तिकरात घरभाड्यावर, भरलेला पालिका कर वजा करून, 30 टक्क्यांची सरसकट वजावट मिळते, खर्च प्रत्यक्षात कितीही होवो, तेव्हा देखभालीला पैसा नाही असे म्हणता येत नाही. मालक अनिवासी असेल तर एक गोष्ट भाडेकरूला आधीच सांगणे त्याचे कर्तव्य आहे: भाडे कितीही कमी असो, त्यातून 30 टक्के कर आणि वर उपकर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी भाडेकरूची असते. हे लपवून किंवा न सांगता घर दिले तर नोटीस येते ती कॉलेजात शिकवणाऱ्या किंवा नर्सिंग करणाऱ्या त्या माणसाला, मालकाला नाही.

हे सगळे करायला निघण्याआधीचे दोन-तीन महिने पुरतात. वही, मुखत्यारपत्र, करार, खर्चाचा आकडा या क्रमाने काम उरकावे, रंग शेवटी काढावा आणि जाहिरात त्याहून शेवटी द्यावी. आणि सांगानेरातल्या एका माणसाला, आपल्याला न विचारता, आपल्या घराचा नळ बदलू देण्याची ज्याच्या मनाची तयारी नाही, त्याने ते घर भाड्याने देऊ नये. त्याने ते विकावे. प्रताप नगरात राहायला घर शोधणारी कुटुंबे आहेत, आणि ती आपल्या घराचा व्हॉल्व्ह स्वतः फिरवतील.